पॉइंटचा भाव

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात मामा सुरतेतल्या भेस्तानहून आमच्या बमरोलीच्या खोलीवर आले. हे आईचे सख्खे धाकटे भाऊ. सरकारी कचेरीत कारकून. आमच्या सगळ्या गोतावळ्यात पंख्याखाली बसून पगार घेणारा पहिला माणूस. माझी शाळेची पुस्तकं तेच आणून द्यायचे, आठवीत गणित कच्चं निघालं तेव्हा शिकवणीही त्यांनीच लावली होती. माझ्या पुढच्या शिक्षणाचं मामा ठरवणार हे घरात कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

एक पेढा माझ्या तोंडात भरवत ते आईला म्हणाले, "आता अकरावी कॉमर्स, मग बी.कॉम., मग बँकेची परीक्षा. ताई, हिला खुर्चीवर नाही बसवलं तर नाव सांगणार नाही."

मी पेढा गिळून घेतला. "मामा, मी डिप्लोमाला जाणार आहे. इलेक्ट्रिकल."

मामांना आधी चेष्टाच वाटली. मग त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे वायरमन?"

"डिप्लोमा इंजिनिअर."

"नाव काहीही ठेव. शिडीवर चढायचं, भिंती फोडायच्या, लोकांच्या घरी पंखे टांगायचे. मुलीच्या जातीला शोभतं का ते? ताई, तू काही बोलत का नाहीस?"

आई जमिनीवर साडी पसरून तिच्यावर खडे चिकटवत बसली होती. हे घरबसल्याचं काम आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायका करायच्या. डिंक वाळायच्या आत ओळ पुरी करावी लागते, म्हणून तिने आधी ओळ पुरी केली आणि मगच मान वर केली. आम्ही धुळ्याकडचे. सुरतेत इतकी वर्षं काढली तरी घरात आई-आप्पा अहिराणीतच बोलतात. ती म्हणाली, "भाऊ, पोर मनी शे. ती काय म्हनस ते आयकी त ले." पोर माझी आहे, ती काय म्हणते ते ऐकून तर घे.

मग मी सांगितलं ते मला आजही पटतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, लूमच्या, यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होते. त्यांना डबा द्यायला मी लहानपणापासून जात असे. तिथला शेठ सगळ्यांना शिव्या द्यायचा. कारागिरांना, हिशेब लिहिणाऱ्या मेहत्याला, चहावाल्याला, एकदा तर स्वतःच्या मेहुण्याला. पण एका दुपारी पॅनल जळाला आणि सगळे लूम एकदम बंद पडले. इलेक्ट्रिशियन स्कूटरवरून आला. त्याने आधी हात धुतले, पाणी मागितलं, मग पॅनल उघडला. शेठ त्याच्या मागे हात बांधून उभा. "थई जशे ने, भाई?" होईल ना, भाऊ, असं चार वेळा विचारलं त्याने. काम झाल्यावर स्वतः खिशातून पैसे काढून दिले, आणि त्या माणसाने ते कमी वाटले म्हणून परत केले. शेठने आणखी दिले. आप्पा आणि मी दारात उभं राहून ते बघत होतो.

"शेठ बठ्ठास्ले बोलस," आप्पा मला म्हणाले, "त्यालेच नही बोलस." सगळ्यांना बोलतो, त्यालाच नाही.

हे सगळं मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "म्हणजे पैशासाठी?"

"हो."

"शिक्षण पैशासाठी घेत नसतात, बाळ."

पगार घेणाऱ्या माणसानेच हे मला सांगावं याचा राग मला त्याच दिवशी आला, आणि तो काही गेला नाही.

सरकारी पॉलिटेक्निकमध्ये मुलींना फी जवळजवळ नव्हतीच, म्हणून भांडण तिथेच मिटलं. वर्गात आम्ही तीन मुली. मी मराठी शाळेतून आलेली, तिथे शिकवायचे गुजरातीत आणि पुस्तकं इंग्रजी. पहिली सहामाही कशीबशी काढली. पण खरी अडचण भाषेची नव्हती. वर्कशॉपमधले सर मुलींना प्रॅक्टिकलच्या फाइल लिहायला बसवायचे. "तुमचं अक्षर चांगलं," म्हणायचे. मुलं विजेची मोटार उघडायची, वाइंडिंग करायची, म्हणजे तिच्यात तांब्याची तार भरायची, आम्ही त्यांच्या आकृत्या काढायच्या. मार्क सगळ्यांना सारखे. इतर दोघींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हात काळे होत नाहीत म्हणून बरंच वाटत होतं. मला नाही वाटलं. मी आकृत्या काढायला आलेले नव्हते.

एका सोमवारी मी फाइल बंद करून सरळ वाइंडिंगच्या बाकाशी जाऊन उभी राहिले. सर म्हणाले, "काय झालं?"

"मोटार द्या."

"हाताला लागेल."

"लागू द्या."

लागलं. तांब्याच्या तारेने बोटं कापली, वार्निशचा वास केसांतून दोन दिवस गेला नाही, आणि मी भरलेली पहिली मोटार चालूच झाली नाही. मुलं हसली. दुसरी गरम झाली. तिसरी फिरली. तिचा आवाज काही वेगळा नव्हता, सगळ्या मोटारींसारखाच, पण मी ती बंद करेना म्हणून सरांनी येऊन स्वतः स्विच पाडला.

डिप्लोमा झाला, चांगल्या मार्कांनी झाला, आणि पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये मेंटेनन्सला ट्रेनी म्हणून नोकरी लागली. पहिला पगार घेऊन घरी आले. आईने विचारलं, "कितला?" मी आकडा सांगितला. आईने आप्पांकडे पाहिलं. आप्पा लूमवर त्याच्या दीडपट मिळवत होते.

ही बातमी गल्लीत राहिली नाही. तीन वर्षं शिकून बापापेक्षा कमी! मामांनी तर नुसता सुस्कारा सोडला, ते जास्त लागलं. त्या काळात मला कोणी विचारलं असतं की या डिप्लोमाचा काय फायदा, तर मी विषय बदलला असता. हट्ट तेवढा होता.

मिलमध्ये मला टेबल मिळालं. बंद पडलेल्या मशिनींची नोंद करायची, सुट्या भागांची मागणी टाइप करायची, साहेबांसाठी तक्ते बनवायचे. पॅनलपाशी जायचं नाही. माझ्याच वर्गातला एक मुलगा त्याच आठवड्यात तिथे लागला होता, तो मात्र पॅनलवर. पोरगा चांगला होता, मनात काही नसायचं त्याच्या. एकदा गेटबाहेर चहा पिताना त्याने सहज आपला पगार सांगून टाकला. माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त. माझा चेहरा बघून तोच घाबरला. "मला वाटलं तुलाही तेवढाच असेल," म्हणाला.

मी चहाचा कप ठेवला आणि तशीच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

मॅनेजर भला माणूस म्हणून प्रसिद्ध होता. त्याने मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. माझं ऐकून घेतलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "देखिए, उसको घर चलाना है।"

"मुझे भी चलाना है, सर।"

"आपकी तो शादी हो जाएगी।"

"और उसकी नहीं होगी?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली. मग म्हणाला, तो मुलगा पॅनलवर काम करतो, तुम्ही टेबलावर, म्हणून फरक. मी म्हणाले, मला पॅनलवर टाका. तो म्हणाला, लेडीजना आम्ही तिकडे टाकत नाही. म्हणजे काम द्यायचं नाही आणि काम करत नाही म्हणून पगार द्यायचा नाही. हे मी त्याला गुजरातीत, हिंदीत, आणि शेवटी चिडून मराठीत सांगितलं. मराठी त्याला येत नव्हती, पण तेवढं त्याला बरोबर कळलं. पाण्याचा ग्लास तसाच राहिला. महिना भरला त्या दिवशी मी नोकरी सोडली.

घरी सांगायला धीर लागला. आप्पांचा एक कान तोपर्यंत जवळजवळ गेला होता. लूमच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसांचं हे ठरलेलंच असतं, आमच्या गल्लीत निम्मे बाप मोठ्याने बोलतात. मी दोनदा सांगितलं तेव्हा त्यांना ऐकू गेलं.

"सोडी दिधं?"

"हो."

"काब्र?"

मी कारण सांगितलं. आप्पांची मजुरी मीटरवर. जितके मीटर कापड उतरेल तितके पैसे, मग लूम चालवणारा कोणीही असो. त्यामुळे एकाच कामाला दोन माणसांना दोन भाव, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. शिरली तेव्हा त्यांनी त्या मॅनेजरला अशी एक अहिराणी शिवी हासडली की आई उठून आत गेली. त्यापुढे नोकरी सोडल्याबद्दल त्यांनी मला एक शब्द विचारला नाही.

मामा मात्र धावत आले. त्यांच्या कचेरीत कंत्राटी जागा निघाली होती. कॉम्प्युटरवर बसायचं, एसी, साडेदहा ते सहा. "शब्द टाकून आलोय," म्हणाले. "आता तरी ऐक." पगार मिलइतकाच होता.

मोह झाला. उगाच खोटं कशाला बोलू? घरात दुसरी मिळकत नव्हती असं नाही, पण आईच्या खड्यांवर आणि आप्पांच्या एका कानावर माझं शिक्षण झालं होतं, आणि मी रिकामी बसले होते. मी मामांना म्हणाले, "तिथे पुढे किती वाढेल पगार?"

"कंत्राटी आहे. वाढेल हळूहळू."

"कोणाचा वाढलाय आजवर?"

मामा रागावून उठले. चहा न पिता गेले. आमच्याकडे चहा न पिता जाणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर मी उधन्यातल्या एका म्हाताऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे गेले. नव्या इमारतींची, छोट्या कारखान्यांची वायरिंग करायचा माणूस. त्याच्याकडे अनुभवाची वर्षं भरली की मला सुपरवायझरचं परमिट मिळणार होतं आणि पुढे स्वतःचं लायसन. डिप्लोमा असल्यामुळे तो रस्ता मला उघडा होता, एवढंच त्या कागदाने मला तोवर दिलं होतं. कॉन्ट्रॅक्टर महाकंजूष. चहासुद्धा अर्धा मागवायचा. मी गेले तेव्हा त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि भाव सांगितला. एका पॉइंटला अमुक. पॉइंट म्हणजे एक दिवा, एक पंखा, एक प्लग. जितके पॉइंट लावाल तितके पैसे.

मी विचारलं, "मुलांना काय देता?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "भाव पॉइंटनो छे, बेन. पॉइंटने क्यां खबर, कोणे लगाव्यो?"

पॉइंटला काय माहीत, कोणी लावला. तो काही न्यायाचं बोलत नव्हता. त्याला माणसामाणसाचे वेगवेगळे हिशेब ठेवायचा कंटाळा होता. पण चांगल्या मनाच्या मॅनेजरने जे मला दिलं नाही ते या कंजूष माणसाने पहिल्याच मिनिटाला दिलं. त्या दिवसापासून मी माणसांच्या चांगुलपणावर भाव ठरवत नाही.

काम कष्टाचं होतं. भिंतीत झिरी पाडायची, पाइप टाकायचे, तारा ओढायच्या. ओढणी पहिल्याच दिवशी पिशवीत गेली ती गेलीच. पॅन्ट, शर्ट, बूट. जिथे काम चाललेलं असायचं तिथे बायकांसाठी संडास नसायचा, ही सगळ्यात मोठी अडचण. तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहून ठेवते. शेजारच्या घरात जाऊन विचारावं लागायचं. काही बायका दार उघडायच्या, काही नाही. पहिले महिने माझे पॉइंट कमी भरायचे. मग हात बसला. वर्षाअखेर माझी कमाई मिलच्या त्या पगाराच्या पुढे गेली, आणि आणखी काही महिन्यांनी आप्पांच्याही. ज्या दिवशी आप्पांना मागे टाकलं त्या दिवशी आईने शिरा केला. आप्पांनी तो कुरकुरत खाल्ला आणि परत मागितला.

याच सुमारास एक स्थळ आलं. मुलगा सुरतेतच खासगी बँकेत. मंडळी शिकलेली, शुद्ध मराठी बोलणारी. मुलाच्या आईने कांदेपोहे खाता खाता विचारलं, "तुम्ही म्हणे शिडीवर वगैरे चढता?"

"चढते."

"लग्नानंतर काही गरज नाही तशी. आमच्याकडे सगळं आहे."

"तुमच्या मुलाला नोकरीची गरज आहे का?"

त्या गोंधळल्या. "म्हणजे काय? पुरुषमाणूस आहे तो."

मी मुलाकडे बघितलं. तो बशीकडे बघत होता. तो तेव्हा एक वाक्य बोलला असता तर मी विचार केला असता, कारण दिसायला बरा होता. त्यानंतर आणखी दोन-तीन स्थळं आली, आणि मग येईनाशी झाली. आई अधूनमधून विषय काढते. मी अविवाहित आहे आणि त्याचं मला जितकं वाईट वाटायला हवं असं लोकांना वाटतं तितकं वाटत नाही.

लायसन हातात आलं, तेव्हा पहिलं मोठं काम मिळालं ते कामरेजच्या पुढे एका शेडचं. तिथे एम्ब्रॉयडरीच्या मशिनी बसणार होत्या. शेठ वयस्कर, पांढरे कपडे, सतत फोनवर. माझी दोन माणसं आणि मी टेम्पोतून सामान उतरवत होतो. शेठ आला, माझ्या माणसाला विचारलं, "साहेब क्यारे आवशे?" साहेब कधी येणार.

त्याने माझ्याकडे बोट केलं.

शेठने पुन्हा विचारलं, या वेळी मला, जरा मोठ्याने, जणू मलाही आप्पांसारखं कमी ऐकू येतं. "बेन, साहेब क्यारे आवशे?"

"हुं ज छुं." मीच ती.

तो पाच-सहा दिवस रोज येऊन माझ्या मागे उभा राहायचा. चूक शोधत होता. एकदा त्याला एक सापडलीही. एका बोर्डाची उंची त्याने सांगितल्यापेक्षा कमी झाली होती. मी तो बोर्ड काढून परत लावला. तेव्हापासून जरा सैल झाला, घरून ताक पाठवू लागला.

काम संपलं. शेवटचे पैसे घ्यायला मी शेडच्या माळ्यावरच्या त्याच्या ऑफिसात गेले तेव्हा शेठने खुर्ची दिली आणि म्हणाला, काम सरस झालं, पण बेन, थोडं ओछं करा. कमी करा. मी कारण विचारलं. तो अगदी मनापासून म्हणाला, "तमारे क्यां घर चलाववानुं छे?"

तुम्हाला कुठे घर चालवायचंय! तेच वाक्य. पांडेसऱ्याच्या केबिनमधलं, फक्त गुजरातीत. मला हसू आलं आणि अंगही तापलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. काम झाल्यावर वायरिंग तपासून रिपोर्ट द्यावा लागतो, आणि त्यावर लायसनवाल्याची सही असल्याशिवाय वीज कंपनी मीटर बसवत नाही. शेठच्या मशिनी येऊन पडल्या होत्या, कारागीर बोलावलेले होते. मी तपासणी पूर्ण केली होती, रिपोर्ट पिशवीत होता. सही बाकी होती.

मी म्हणाले, "शेठ, भाव ठरला तेव्हा मी घर चालवते का हे तुम्ही विचारलं नव्हतं."

"अरे, तमे तो गुस्से थई गया."

"नाही. मी बसते इथे. तुम्ही विचार करा."

आणि बसले. त्याने फोन केले, बाहेर जाऊन आला, मशिनवाल्याशी बोलला. एक नातेवाईक येऊन मला सांगून गेला की वडीलधारी माणसं आहेत, मान ठेवा. मी म्हणाले, मान ठेवलाय, म्हणूनच इतर कॉन्ट्रॅक्टरांसारखे आधी सगळे पैसे मागितले नाहीत. दुपारचं जेवण आलं. शेठने मलाही ताट वाढायला सांगितलं, मी जेवले. भांडण भांडणाच्या जागी, जेवण जेवणाच्या जागी. हात धुऊन आल्यावर त्याने पैसे टेबलावर ठेवले. पूर्ण. मी सही केली. मी जिना उतरत असताना तो वरून ओरडला, माझ्या भाच्याची शेड आहे शेजारी, त्याचा भाव काय लावशील?

"हाच," मी म्हणाले.

ते काम मला मिळालं. मग तिथली आणखी काही.

आप्पांना लूम सोडायला लावणं याहून अवघड गेलं. दुसराही कान चालला होता. मी म्हणाले, आता बस करा. ते म्हणाले, "माले फुकट नही खानं." रोज हेच. शेवटी मी त्यांना कामावर ठेवलं. खरोखरचं काम. केबल, पाइप, स्विच यांची खरेदी. आप्पांइतका घासाघीस करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुकानदार "परवडत नाही" म्हणाला तरी त्यांना ते ऐकूच येत नाही. ते नुसते बघत उभे राहतात. दुकानदार दमतो.

आणि मग समाजाचा मेळावा आला. दरवर्षी आपल्याकडच्या मंडळींचा होतो, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, थोडी भाषणं, शेवटी जेवण. मामा समितीवर. इतक्या वर्षांत आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, सणावाराला येणं-जाणं होतं. त्यांनीच फोन केला. "या वर्षी तुझा सत्कार ठरलाय. दहा मिनिटं बोल. जिद्द, चिकाटी, आईवडिलांचे संस्कार, असं." आणि लगेच, "पैशाचं नको बोलू. बरं दिसत नाही."

मी म्हणाले, "बघते."

हॉल भरलेला होता. माझ्या आधी दोघांची भाषणं झाली. एक म्हणाले, यशाचं मोजमाप पैशात करायचं नसतं. समोर पहिल्या रांगांत मंडळींचे पांढरे शर्ट, आणि मागे, पार भिंतीपर्यंत, बमरोलीच्या, पांडेसऱ्याच्या, लिंबायतच्या बायका, मांडीवर पोरी घेऊन. त्यातल्या निम्म्या तरी साड्यांना खडे लावणाऱ्या. मला शाल दिली, नारळ दिला, माइक दिला.

मी म्हणाले, "मला जिद्दीवर बोलायला सांगितलंय. मी पैशावर बोलते. कारण मी हे पैशासाठी केलं. माझ्या आईने साड्यांवर खडे लावून मला शिकवलं ते मला आनंद व्हावा म्हणून नाही, मी कमवावं म्हणून. डिप्लोमा झाल्यावर पहिली दीड-दोन वर्षं मी माझ्या बापापेक्षा कमी मिळवत होते. तेव्हा पुष्कळांनी सांगितलं की डिप्लोमा वाया गेला. आज माणसांची मजुरी, सामान, टेम्पो, कर, सगळं वजा जाऊन महिन्याला सरासरी पंच्याऐंशी हजार हातात राहतात. काही महिने काहीच राहत नाही, तेही सांगते. पण ही सरासरी आहे आणि ती माझी आहे."

पुढच्या रांगेत कोणीतरी खोकलं. आप्पा आईच्या शेजारी बसले होते, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं, फक्त सगळे गप्प झालेले दिसले. त्यांना वाटलं माझं काही चुकलं. त्यांनी आईला विचारलं, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा, "काय बोलनी ती?"

आईने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. पण त्या कानाशी हळू बोलून उपयोग नसतो. "कमाई सांगी ऱ्हायनी! महिनाले पंच्यायशी हजार!"

आप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग ताडकन उभे राहिले आणि स्टेजकडे हात करून ओरडले, "मंग मना पगार काब्र वाढावत नही तू?"

मागच्या भिंतीपासून हशा सुटला तो पुढच्या रांगेपर्यंत यायला वेळ लागला, पण आला. मामा तेवढे हसले नाहीत. ते स्टेजच्या कडेला उभे होते. मी खाली उतरल्यावर म्हणाले, "सांगितलं होतं मी तुला. चारचौघांत शोभतं का हे?"

"मामा, तुमचा पगार सगळ्या समाजाला पाठ आहे. तुमच्या लग्नात सांगितलाच होता की."

ते वळून समितीच्या मंडळींत गेले. अजूनही माझ्याशी मोजकंच बोलतात. मला त्याचं वाईट वाटतं. त्यांनी आणलेल्या पुस्तकांवरच मी दहावी झाले. पण शब्द मागे घेणार नाही.

जेवणाच्या रांगेत बायकांनी मला घेरलं. जिद्दीबद्दल एकीनेही विचारलं नाही. फी किती, मार्क किती लागतात, मुलींना घेतात का, मराठी शाळेतून चालतं का, येता-जाताना सोबत कोणाची. एकीने तर तिथेच मुलीला पुढे ढकललं. "इले सांग." मी वाढलेलं ताट हातात धरून उत्तरं देत राहिले, वरणभात गार झाला. त्यातल्या दोघी पुढच्या वर्षी डिप्लोमाला गेल्या. एकीने मध्येच सोडलं, तिचं लग्न लावून दिलं. दुसरी आहे. वर्कशॉपमध्ये मुलींना अजून फाइलच लिहायला देतात असं सांगत होती. मी विचारलं, मग तू काय केलंस? म्हणाली, "मी मोटारच मागितली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते. आप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर येऊन बसले. एरवी ते या वेळी पाय पसरून पेपर वाचतात. मी विचारलं, कुठे निघालात?

"बोलनं शे," ते म्हणाले. "पगारनं."

मी म्हणाले, आप्पा, काल गंमत झाली. ते म्हणाले, गंमत कसली, मी आणलेल्या केबलवर तुझे किती वाचतात ते आधी सांग. मी एक आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. मी वाढवला. ते नुसते बघत राहिले. मी आणखी थोडा वाढवला आणि म्हणाले, यावर परवडत नाही. त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. आई दारात बसून साडीवर खडे लावत होती. तिला मी कितीदा सांगितलं सोड म्हणून, ती सोडत नाही, हात रिकामा राहत नाही म्हणते. ती मान वर न करता म्हणाली, "दी टाक वं. तो उठाव नही."

मी दिला. आप्पा उठले, चपला घातल्या, आणि दारातून वळून वाढ कधीपासून तेही सांगून गेले, "मांगला महिनापाईन."